रबराच्या दोन वाट्या : घरगुती संगणकाच्या मोडेमचा आरंभकाळ

मोडेमचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सेकंदाला ३०० बिट, त्यानंतर १२००, २४००, ९६००, आणि शतकाच्या अखेरीस ५६ हजार, अशी चढती भाजणी मांडली की विषय संपला, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. या आकड्यांत असत्य काही नाही. परंतु या कोष्टकाच्या अगदी आरंभी एक अशी वस्तू उभी आहे की तिचा उलगडा वेगाच्या हिशेबाने होत नाही. ती वस्तू म्हणजे वरच्या अंगाला रबराच्या दोन वाट्या बसविलेली एक लहानशी पेटी. अमेरिकेत तिला 'अकूस्टिक कपलर' म्हणत. टेलिफोनचा रिसीव्हर उचलावयाचा, नंबर फिरवावयाचा, पलीकडच्या यंत्राची शिटी कानी आली की रिसीव्हर त्या वाट्यांत घट्ट दाबून बसवावयाचा, असा तिचा विधी असे. एका वाटीखाली लहान स्पीकर असे, दुसरीखाली मायक्रोफोन. संगणकाच्या विद्युत्संकेताचे प्रथम ध्वनीत रूपांतर होई; तो ध्वनी टेलिफोनच्या मुखात शिरे; तेथे त्याचे पुनश्च विद्युत्संकेतात रूपांतर होई आणि मग तो तारेवरून पुढे जाई.

येथे कोणाही विचारी वाचकास प्रश्न पडावा. विजेचा ध्वनी करावयाचा आणि त्या ध्वनीची पुन्हा वीज करावयाची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पेटीच्या दोन तारा टेलिफोनच्या दोन तारांना सरळ जोडल्या असत्या तर संकेत अधिक शुद्ध गेला नसता काय? निश्चितच गेला असता. तसे का केले गेले नाही, याचे उत्तर विद्युच्छास्त्रात सापडत नाही. ते कायद्यात सापडते. तारेला स्पर्श करण्याची परवानगी नसलेल्या माणसाने तारेशी कुजबुजण्याची जी युक्ती काढली, ती म्हणजे कपलर होय. एवढेच एक विधान प्रस्तुत लेखात सप्रमाण मांडावयाचे आहे.

अमेरिकेतील टेलिफोनचा व्यवसाय दीर्घकाळ बहुतांशी एटी अँड टी ही कंपनी व तिच्या बेल गटातील संस्था यांच्या हाती होता. घरातील टेलिफोन हा ग्राहकाच्या मालकीचा नसे, तो भाड्याने दिलेला असे. तो त्याच गटातील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कारखान्यात तयार होई. कंपनीने न पुरविलेले कोणतेही उपकरण त्यास जोडता कामा नये, असा निर्बंध शासनाकडे दाखल केलेल्या दरपत्रकातच घातलेला होता. मोडेमही त्यास अपवाद नव्हता. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेल्या 'सेज' या यंत्रणेत टेलिफोनच्या तारांवरून आकडे पाठविण्याचा जो अनुभव मिळाला, त्यातून बेल कंपनीने १९५८ साली सेकंदाला ११० बिट नेणारा आणि १९६२ साली ३०० बिट नेणारा मोडेम सिद्ध केला. हा दुसरा, बेल १०३ या नावाने ओळखला जाणारा मोडेम, पुढे वीस वर्षे प्रमाण ठरला. तथापि तो घ्यावयाचा तो कंपनीकडूनच, आणि तोही भाड्याने.

या निर्बंधाची व्याप्ती किती होती, याचे एक उदाहरण अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. हश-ए-फोन नावाचे एक साधे उपकरण १९२० च्या दशकापासून विकले जात होते. टेलिफोनच्या मुखावर बसविण्याचा तो एक पेला होता. बोलणे शेजाऱ्यास ऐकू जाऊ नये एवढाच त्याचा उपयोग. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. तरीही बेल कंपनीने त्यास हरकत घेतली. १९४८ साली हश-ए-फोनच्या उत्पादकाने केंद्रीय दळणवळण आयोगाकडे तक्रार केली. १९५५ साली आयोगाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. आणि १९५६ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने तो फिरविला. ग्राहकास स्वतःपुरती उपयुक्त आणि इतरांस अपाय न करणारी वस्तू वापरण्यापासून त्याला रोखता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. या प्रकरणी हश-ए-फोनच्या बाजूने ज्या तज्ज्ञांनी साक्ष दिली त्यांत लिओ बेरानेक हे ध्वनिशास्त्रज्ञ आणि जे. सी. आर. लिकलायडर हे मानसशास्त्रज्ञ होते. हेच लिकलायडर १९६२ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेत संगणकसंशोधनाचे प्रमुख झाले. एका पेल्याच्या खटल्यातील साक्षीदार पुढे संगणकांच्या जाळ्याचा पुरस्कर्ता व्हावा, हा योगायोग असेल; परंतु तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

न्यायालयाने पेल्यास परवानगी दिली, तारेस नव्हे. कुंपण तसेच राहिले. त्यात एक फट तेवढी पडली. त्या फटीतून जे प्रथम आत शिरले, ते संगणकाचे शौकीन नव्हते. ते बहिरे लोक होते. ही गोष्ट मोडेमच्या प्रचलित इतिहासांत बहुधा तळटीपेत जाते. वस्तुतः ती मूळ संहितेत यावयास हवी.

रॉबर्ट वाइटब्रेक्ट हे कॅलिफोर्नियातील पदार्थवैज्ञानिक जन्मतः बहिरे होते. बिनतारी संदेशवहनाचा त्यांना छंद होता, आणि टेलिप्रिंटर त्यांच्या परिचयाचा होता. जेम्स मार्स्टर्स हे पॅसाडेना येथील दंतवैद्यही बहिरे होते. टेलिफोनचा वापर स्वतःला करता यावा, या निकडीतून त्यांनी वाइटब्रेक्ट यांना या कामी ओढले. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो भिंतीवरचा एक निरुपयोगी खोका होता. जुना, मोडीत निघालेला टेलिप्रिंटर टेलिफोनच्या तारेला जोडता आला असता तर प्रश्न मिटला असता. पण जोडण्यास मनाई. तेव्हा वाइटब्रेक्ट यांनी टेलिप्रिंटरच्या संकेतांचे दोन स्वरांत रूपांतर केले, एक १४०० आणि दुसरा १८०० कंपनांचा, आणि ते स्वर रिसीव्हरच्या मुखात सोडले. १९६४ साली या पद्धतीने दोघांत टेलिफोनवरून लेखी संभाषण झाले. ज्यांच्या कानी ध्वनी कधी पडला नाही, त्यांनी कायद्याच्या अडचणीमुळे ध्वनीचाच आश्रय घ्यावा, यातील विसंगती वेगळी सांगण्याची गरज नाही. याच दशकात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत जॉन व्हॅन गीन यांनी कपलरच्या श्रवणशक्तीत महत्त्वाची सुधारणा केली, त्यामुळे दूर अंतरावरून येणारे क्षीण संकेतही त्यास ओळखता येऊ लागले.

ही फट किती अरुंद होती हे कार्टर यांच्या खटल्यावरून समजते. थॉमस कार्टर हे टेक्सासचे गृहस्थ. मोटारीतील किंवा तेलाच्या खाणीवरील बिनतारी यंत्रावर बोलणारा माणूस आणि टेलिफोनवरचा माणूस यांची गाठ घालून देणारे एक उपकरण त्यांनी तयार केले. रिसीव्हर त्यावर ठेवला की काम होई. तारेस तार लागत नसे. १९५९ ते १९६६ या काळात सुमारे ३,५०० नग विकले गेले. कंपनीने ग्राहकांना जोडणी तोडण्याचा धाक घातला. म्हणजे स्पर्श टाळूनही गुन्ह्यातून सुटका नव्हती. १९६८ च्या जूनमध्ये आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला आणि दरपत्रकातील तो निर्बंध रद्द ठरविला.

येथे अनेक लेखक घाई करतात. १९६८ साली दार उघडले आणि मोडेम घराघरांत शिरला, असे त्यांच्या लिखाणावरून वाटते. प्रत्यक्षात कंपनीने नवे दरपत्रक दाखल केले, त्यात परकीय उपकरण तारेला जोडण्यास अनुमती होती, पण मध्ये कंपनीचीच एक 'संरक्षक' पेटी बसविली पाहिजे, आणि तिचे मासिक भाडे भरले पाहिजे, अशी अट होती. ही अट पुढील अनेक वर्षे टिकली. १९७५ साली आयोगाने नोंदणीची पद्धत आणली. उपकरण एकदा तपासून नोंदविले की ते कोणीही जोडावे, असे तिचे स्वरूप होते. परंतु तीही न्यायालयांत अडकली आणि १९७७ च्या अखेरीस मोकळी झाली. भिंतीवरील टेलिफोनची तार काढता-घालता येणारी छोटी खाच सर्वत्र दिसू लागली तीही या नोंदणीच्या निमित्ताने. त्यापूर्वी बहुतेक घरांत तार भिंतीत कायमची पक्की केलेली असे. जोडावयाचे म्हटले तरी जागा नव्हती.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कपलरचे आयुष्य स्पष्ट होते. १९६८ नंतर तो निःशंकपणे कायदेशीर झाला. १९७७ नंतर तो अनावश्यक होऊ लागला. त्याच्या भरभराटीचा काळ नेमका या दोन निर्णयांच्या मधला आहे. या अवधीत मोडेमचा वेग, म्हणजे बेल १०३ चे ते ३०० बिट, बदललेला नाही. वेगाच्या कोष्टकात ही नऊ वर्षे एकाच ओळीत मावतात.

आता हे यंत्र घरात कसे वागे ते पाहू. १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा जुळणी करावयाचा संगणक झळकला, आणि १९७७ साली ॲपल २, टीआरएस-८० व कमोडोर पेट ही तयार यंत्रे बाजारात आली. त्यांस मोडेम जोडणाऱ्या माणसाला चार स्वरांशी गाठ होती. फोन करणारा १०७० व १२७० कंपनांच्या स्वरांत बोले, फोन घेणारा २०२५ व २२२५ च्या स्वरांत उत्तर देई. दोघे एकाच वेळी बोलत, आणि स्वरांची दालने वेगळी असल्याने गोंधळ होत नसे. निदान कागदावर होत नसे. टेलिफोनच्या मुखात कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन असे. असा मायक्रोफोन मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वरही थोडाफार निर्माण करतो. १०७० ची दुप्पट २१४०, आणि हा आकडा नेमका २०२५ व २२२५ यांच्या मधोमध पडतो. स्वतःच्या बोलण्याची सावली स्वतःच्याच श्रवणावर पडे. भरीस भर म्हणजे खोलीतला आवाज. दार आपटले, कुत्रा भुंकला, कोणी टेबलावर पुस्तक टाकले, की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटत. तारेस तार जोडली असती तर यांपैकी काहीही झाले नसते. हा कायद्याचा खर्च होता, आणि तो अक्षरांच्या चुकांच्या रूपाने भरावा लागे.

एक गोष्ट मात्र मक्तेदारीच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. कपलरच्या वाट्या ज्या मापाच्या असत ते माप वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० क्रमांकाच्या टेलिफोनच्या रिसीव्हरचे होते. देशातील बहुसंख्य घरांत एकाच घडणीचा रिसीव्हर होता म्हणून एकाच घडणीची वाटी चालली. ज्या कंपनीमुळे कपलरची गरज पडली, तिनेच तो शक्यही केला. पुढे नाना आकारांचे फोन निघाले, आणि वाट्यांत ते बसेनात.

वेगाचा थोडा हिशेब येथे उपयोगी आहे. ३०० बिट म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. ॲपल २ च्या ४० रकान्यांच्या व २४ ओळींच्या पडद्यात ९६० अक्षरे मावत. तो भरावयास ३२ सेकंद लागत. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या माणसाचा वेगही साधारण एवढाच असतो. म्हणून हा वेग त्या काळच्या वापरणाऱ्याला आज आपण कल्पितो तितका जाचत नसावा. ओळ उमटत जाई आणि डोळा तिच्यामागून चाले. जाचे ते आज्ञावली मागविताना. १६ किलोबाइटची आज्ञावली निर्वेध येऊ लागली तरी नऊ मिनिटे घेई, आणि निर्वेध ती क्वचितच येई. यावर शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली उपाय काढला. मजकुराचे १२८ बाइटचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येकाच्या शेवटी त्याची बेरीज जोडावयाची, पलीकडच्याने बेरीज पडताळून होकार किंवा नकार द्यावयाचा, आणि नकार आला की तोच तुकडा पुन्हा पाठवावयाचा. एक्समोडेम या नावाने ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली.

क्रिस्टेन्सन यांचेच नाव पुढील टप्प्याशीही निगडित आहे. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत मोठे हिमवादळ झाले. घरात अडकून पडलेल्या क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी आपल्या छंदी मंडळाच्या सभासदांसाठी फोनवर चालणारा सूचनाफलक तयार करावयास घेतला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो खुला झाला. एक संगणक, एक तार, आणि एका वेळी एकच वाचक. मागला फोन ठेवील तेव्हा पुढल्याने वाचावे व लिहावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघांनी 'बाइट' मासिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गावोगावी अशा फलकांची पैदास झाली. अमेरिकेतील बऱ्याच शहरांत घरगुती ग्राहकाला स्थानिक कॉलसाठी मिनिटागणिक पैसे पडत नसत, म्हणून हे फलक स्वभावतः त्या त्या गावचे राहिले.

आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की असा फलक कपलरवर चालूच शकला नसता. घंटा वाजली की रिसीव्हर उचलून वाटीत ठेवावयास माणूस लागतो. वाट्यांना कान होते, हात नव्हते. यंत्राने स्वतः फोन घ्यावा, स्वतः ठेवावा, यासाठी ते तारेशी जोडलेलेच पाहिजे. अटलांटाचे डेनिस हेज व डेल हेदरिंग्टन यांनी १९७७ साली अल्टेअरच्या जातीच्या संगणकांत बसणारा मोडेम विकावयास काढला; १९७९ साली ॲपल २ साठी काढलेल्या त्यांच्या मोडेमबरोबर शासनदरबारी नोंदविलेली एक छोटी पेटी मिळे, ती तार आणि संगणक यांच्या मध्ये राही. तिचे नाव 'मायक्रोकपलर'. नाव जुने उरले, वाट्या गेल्या. १९८१ साली आलेल्या त्यांच्या 'स्मार्टमोडेम'ने तर संगणकाच्या जातीचेही बंधन काढून टाकले. ए आणि टी ही दोन अक्षरे लिहून पुढे आज्ञा दिली की मोडेम नंबर फिरवी, फोन घेई, ठेवी. चालू संभाषणातच मोडेमला हाक मारावयाची असेल तर क्षणभर स्तब्ध राहून तीन अधिकचिन्हे पाठवावयाची आणि पुन्हा स्तब्ध राहावयाचे. या स्तब्धतेवर १९८५ साली पेटंट मिळाले आणि इतर उत्पादकांशी त्यावरून कज्जे झाले. तारेवरची मक्तेदारी ओसरते न ओसरते तोच एका सेकंदाच्या मौनावर हक्क सांगितला गेला.

साधनांविषयी एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. या काळाची चित्रे आपल्या मनात उमटतात ती बहुधा चित्रपटांवरून. १९८३ च्या 'वॉरगेम्स'मध्ये शाळकरी नायक रिसीव्हर कपलरमध्ये ठेवतो, आणि त्याचा संगणक रात्रभर एकामागून एक नंबर फिरवीत राहतो. हे दृश्य पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. कपलरमधला रिसीव्हर फोन ठेवू शकत नाही, मग दुसरा नंबर फिरवील कोण? दिग्दर्शकाला डोळ्यांना दिसेल अशी जोडणी हवी होती, आणि वाट्या दिसतात, तार दिसत नाही. याउलट १९८१ साली सान फ्रान्सिस्कोच्या दूरचित्रवाणीवरील एक वार्तापट भरवशाचा आहे. तेथील वृत्तपत्राचा मजकूर ओहायोतील कॉम्प्यूसर्व्हच्या संगणकावरून घरी कसा मागवितात, हे त्यात दाखविले होते. पूर्ण अंक यावयास दोन तासांहून अधिक वेळ लागे आणि दर तासाला ५ डॉलर पडत; रस्त्यावर तोच अंक २० सेंटला मिळे. हा प्रयोग करणाऱ्या माणसांना तोटा कळत नव्हता असे नव्हे.

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. कपलर केवळ कायद्यामुळे टिकला हे खरे असेल तर १९७७ नंतर तो लगोलग नाहीसा व्हावयास हवा होता. तो तसा झाला नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या सायलेंट ७०० सारखी कपलरयुक्त यंत्रे घेऊन फिरणारे विक्रेते, १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० वर बातमी लिहून हॉटेलमधून धाडणारे वार्ताहर, यांना वाट्यांची गरज होतीच. तथापि या माणसांची अडचण तपासली तर ती निराळ्या जातीची नाही. हॉटेलचा फोन त्यांचा नव्हता. तार दुसऱ्याची, म्हणून तिला हात लावता येत नाही. ही स्थिती पूर्वी सर्व देशाची होती, ती आता प्रवाशापुरती उरली.

अन्य देशांची साक्ष याला पुष्टी देते. ब्रिटनमध्ये टपाल खात्याचा एकाधिकार १९८१ च्या कायद्याने शिथिल झाला, आणि त्यानंतर मान्य उपकरणांवर हिरवे वर्तुळ व अमान्य उपकरणांवर तांबडा त्रिकोण झळकू लागला. पश्चिम जर्मनीत बुंडेसपोस्टचा निर्बंध अधिक काळ चालला. तेथे १९८५ साली केऑस कॉम्प्युटर क्लब या मंडळाने घरी कपलर बनविण्याची कृती छापली. वाट्यांसाठी त्यात स्वच्छतागृहाच्या नळजोडणीतील रबरी भाग सुचविले होते, आणि उपकरणाचे नावही त्यावरूनच ठेवले होते. अमेरिकन शौकीन ज्या वर्षांत वाट्या अडगळीत टाकीत होता, त्याच वर्षांत जर्मन शौकीन त्या नव्याने घडवीत होता. दोघांच्या तंत्रज्ञानात अंतर नव्हते, दरपत्रकांत होते. भारतात तारयंत्रणेवरील सरकारचा एकाधिकार १८८५ च्या कायद्याने प्रस्थापित झाला होता, आणि विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा मोडेम थेट तारेला लागत होता. म्हणून मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या कानात मोडेमची जी किंचाळी आहे ती बरीच पुढच्या पिढीची. त्यास ए-टी ही अक्षरे आठवतील, रबराच्या वाट्या बहुधा आठवणार नाहीत.

वाट्यांचा त्याग सर्वांत शेवटी ज्यांनी केला, ते पुन्हा बहिरे लोकच होत. शौकिनांच्या टेबलावरून कपलर नाहीसा झाल्यावरही त्यांच्या टंकयंत्रांच्या माथ्यावर त्या दोन वाट्या १९९० च्या दशकात, आणि त्यानंतरही, दिसत राहिल्या. स्वतःच्या घरी तार जोडण्यास त्यांना आता कोणी अडवीत नव्हते. परंतु फोन करावयाचा प्रसंग घरीच येतो असे नाही. नातलगाच्या घरी, कचेरीत, रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवर, जेथे जो रिसीव्हर हाती येईल तो वाटीत ठेवून बोलता येत होते.